वाचक विचारतात : महापुराचं पाणी, घराचा उंबरा आणि विम्याचा कागद

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रं सांगली, मिरज, पलूस आणि कराडकडची आहेत. फिरून फिरून दोनच गोष्टी विचारल्या आहेत : आमच्या घरात पाणी येईल का, आणि आलं तर विमा पैसे देईल का. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला एक तयार घर घ्यायचं आहे. मालक म्हणतात, २०१९ ला पाणी फक्त पायरीपर्यंत आलं होतं. शेजारी वेगळंच सांगतात. खरं कसं काढायचं?

माणसांच्या आठवणीपेक्षा भिंत जास्त खरं बोलते, फक्त ती वाचता आली पाहिजे. पुराच्या भिंतीवर एकच रेघ नसते. सगळ्यांत गडद रेघ दिसते ती पाणी जिथे जास्त दिवस तुंबून राहिलं तिथली. पाणी जिथपर्यंत चढलं ती रेघ त्याहून वर आणि फिकट असते. शिवाय विटेची भिंत पाणी वर ओढते. त्यामुळे पाण्याच्या रेघेच्या वरही फूट-दोन फूट ओल चढते, खार फुटतो आणि रंगाचे पोपडे निघतात. म्हणून गिलाव्यावरच्या डागावर विसंबू नका. पाणी न शोषणाऱ्या वस्तू बघा : खिडकीचं लोखंडी गज, टाइल्समधले सांधे, बाहेरचा विजेचा खांब, मीटरच्या पेटीची मागची बाजू.

घर नुकतंच रंगवलेलं असेल तर वायरमन बरोबर न्या. मालकाच्या परवानगीनं मेन स्विच बंद करा आणि जमिनीपासून दीड ते चार फुटांवरच्या दोन-तीन स्विचबोर्डांच्या प्लेट्स काढून बघा. भिंतीतल्या पेटीच्या तळाशी मऊ, वाळलेला गाळ बसलेला असेल तर पाणी निदान तिथपर्यंत होतं. रंग देताना तो गाळ सहसा कुणी काढत नाही. दाराच्या बिजागऱ्यांचे स्क्रूही बघा. खालची बिजागरी गंजलेली आणि वरची चकचकीत असेल तर उत्तर त्या दोघींच्या मधे आहे.

आता मोजमाप. शेजारच्या घरावर किंवा जवळच्या देवळावर २०१९ ची खात्रीची खूण असेल तर ती तुमच्या भिंतीवर आणता येते. गवंड्याकडे असते तीच पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, १५ ते २० मीटर लांब. तिच्यात पाणी भरा आणि दिसायला सोपं जावं म्हणून थोडी शाई घाला. बुडबुडा राहू देऊ नका. एक बुडबुडा अडकला तरी दोन्ही टोकांची पातळी जुळत नाही आणि खूण इंचा-दोन इंचांनी चुकते. दोन्ही तोंडं उघडी ठेवा, एक टोक खुणेला लावा आणि दुसऱ्या टोकातलं पाणी स्थिर झालं की तिथे पेन्सिलनं रेघ मारा. अंतर जास्त असेल तर मधल्या भिंतींवर टप्पे घ्या आणि शेवटी उलट येऊन एकदा ताडून बघा.

समजा ती रेघ तुमच्या घराच्या फरशीपासून २ फूट ७ इंच वर आली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेली होती. त्यातून २ फूट ७ इंच वजा केले की ५४ फूट ११ इंच उरतात. म्हणजे आयर्विनला साधारण पंचावन्न झाले की पाणी तुमच्या उंबऱ्याशी. हा तुमच्या घराचा आकडा.

तो लगेच तपासूनही घेता येतो. जुलै २०२१ ला पातळी पंचावन्नच्या आसपास होती. तेव्हा पाणी उंबऱ्याशी येऊन थांबलं असं गल्लीत सांगत असतील तर हिशेब जमला. फूटभर आत आलं होतं म्हणत असतील तर तुमची खूण चुकली आहे, किंवा त्या भागात पाण्याचा उतार वेगळा आहे. पुलापासून लांब, विशेषतः हरिपूरकडे वारणेचं पाणी मिळतं तिथे आणि वर भिलवडी-अंकलखोपच्या बाजूला पुलाजवळचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. म्हणून एक फुटाची सूट धरून चाला. वरच्या उदाहरणात ५४ ला घर रिकामं झालेलं असलं पाहिजे.

प्रत्यक्षात आकडे चार काढावेत. गल्लीचा रस्ता बुडतो तो. संडासाच्या भांड्याच्या किंवा चेंबरच्या पातळीला पाणी येतं तो. उंबऱ्याचा. आणि सगळ्यांत खालच्या प्लग-पॉइंटचा. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे, पण ते आकडे शहरासाठी आहेत. तुमचा रस्ता ४३ ला बुडत असेल तर तुमच्यासाठी ४५ ची वाट बघण्यात अर्थ नाही. हे चारही आकडे मीटरच्या पेटीच्या झाकणावर आतून ऑइलपेंटनं लिहून ठेवा.

शेवटी पूररेषा. जलसंपदा विभागाच्या नकाशात दोन रेषा असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपला सर्व्हे नंबर किंवा गट नंबर देऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जागा कोणत्या रेषेच्या आत आहे ते लेखी मागा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी मिळणं अवघड असतं, त्यामुळे पुढे वरचा मजला चढवायचा विचार असेल तर हा कागद खरेदीआधीच हातात हवा. ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकून निश्चिंत होऊ नका. याचा अर्थ दर वर्षी ४ टक्के शक्यता. वीस वर्षांच्या कर्जाच्या काळात एकदा तरी तसा पूर येण्याची शक्यता ५६ टक्के होते. लाल रेषेचा हिशेब त्याच मुदतीत १८ टक्क्यांवर जातो. सांगलीनं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत बघितले आहेत.

प्रश्न : आमच्या घरावर बँकेचं कर्ज आहे. कर्ज देतानाच बँकेनं विमा काढला आहे, हप्त्यात पैसे जातात. वेगळा काढायची गरज आहे का?

आधी तो विमा कोणता आहे ते बघा. पुष्कळांच्या बाबतीत तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो : कर्जदार गेला तर कर्ज फिटतं. घरात पाच फूट पाणी आलं तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही. दोन्हींना बोलताना आपण ‘कर्जाचा विमा’ म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो.

बँकेकडून पॉलिसीची प्रत मागा आणि शेड्यूल नावाचं पहिलं पान समोर ठेवा. त्यावर घराचा पूर्ण पत्ता आहे का? विमा इमारतीचा, सामानाचा की दोन्हींचा? मुदत कधी संपते? कर्ज वीस वर्षांचं आणि पॉलिसी पाच वर्षांची असं सर्रास दिसतं, सहाव्या वर्षी घर उघडं पडतं. इमारतीची रक्कम किती? ती कर्जाइतकीच असेल तर घर पुन्हा बांधायला पुरेल का? आणि सामानापुढे शून्य किंवा नुसती रेघ असेल, तर फ्रिज, कपाटं, गाद्या, मिक्सर, मुलांचा संगणक यांचा विमा नाही.

पूर त्यात आहे का, हेही बघायला हवं. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी आणली. तिच्यात आग, वीज, भूकंप यांच्याबरोबर वादळ, पूर, जलमय होणं आणि दरड कोसळणं मुळातच धरलेलं आहे. त्याआधीच्या आगीच्या पॉलिसीत मात्र वादळ आणि पुराचा भाग वगळून हप्ता थोडा कमी करून घेता येत असे. जुनी दीर्घ मुदतीची पॉलिसी असेल तर तसं काही वगळलं आहे का, हे एजंटाला तोंडी विचारू नका. कंपनीकडून ईमेलनं लेखी उत्तर घ्या.

‘भारत गृह रक्षा’ चांगली पॉलिसी आहे, आणि पूरपट्ट्यातल्या प्रत्येक पक्क्या घराला ती असावी असं आमचं ठाम मत आहे. पण तिच्यातही फटी आहेत, आणि त्या नेमक्या आपल्याकडच्या पुरात आडव्या येतात.

रोख रक्कम आणि कागदपत्रं तिच्यात नाहीत. खरेदीखत, सातबारा, गुणपत्रिका भिजल्या तर भरपाई मिळत नाही. दागिन्यांसाठी मौल्यवान वस्तूंचं वेगळं संरक्षण मूल्य ठरवून घ्यावं लागतं. वाहनं नाहीत. भिंतीतून वर्षानुवर्षं झिरपणारी ओल नाही, कारण ती झीज मानली जाते. पूर ओसरायच्या गडबडीत चोरी झाली तर ती धरली जाते, पण पुराच्या घटनेपासून सात दिवसांच्या आतली आणि त्या घटनेमुळेच झालेली असली पाहिजे. घर सोडून जाताना कुलपाचा फोटो काढणं आणि परतल्यावर दार फोडलेलं दिसलं तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार देणं यासाठी गरजेचं आहे.

प्रश्न : आमचं घर भिलवडीत नदीकडेला भरावावर बांधलेलं आहे. पुरानंतर मागची भिंत खचली आणि ओट्याला तडा गेला. हे पूरनुकसान धरतात का?

विम्याच्या भाषेत इथे तीन वेगळ्या गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. पाण्यानं भिंत पडली तर ते पुराचं नुकसान आहे. जमीन खचणंही पॉलिसीत आहे. मात्र त्या कलमाखाली नदीनं काठ खाणं, भरावाची जमीन बसणं किंवा सरकणं, नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि सदोष बांधकाम यांना स्पष्ट नकार आहे. तुमच्या घराला यांतलं पहिलं आणि दुसरं दोन्ही लागू पडू शकतं. कंपनीचा सर्वेक्षक ‘भराव बसला’ म्हणेल, तुम्ही ‘पुरानं पाडलं’ म्हणाल, आणि निकाल पुराव्यावर लागेल.

म्हणून पूर नसताना, मे महिन्यात, घराभोवती फिरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. जे तडे आहेत त्यांच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारून तारीख लिहा आणि शेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या. पूर ओसरल्यावर तडा त्या रेघेपलीकडे गेलेला दिसला तर वाढ कधी झाली हे दाखवता येतं. काळ्या मातीवरच्या घरांना हे जास्तच लागू आहे. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि पाणी ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी नवे तडे दिसतात. ते पहिल्या दिवशीच्या फोटोत नसतातच. म्हणून फोटो एकदाच काढून थांबू नका, महिनाभर दर आठवड्याला त्याच जागेवरून काढा.

नदीकडची संरक्षक भिंत आणि कुंपणाची भिंत इमारतीच्या रकमेत धरायची असेल तर प्रस्तावाच्या अर्जात तिचा खर्च वेगळा लिहा. नुसतं चटईक्षेत्र लिहिलं तर ती रक्कम हिशेबात येत नाही.

प्रश्न : विम्याची रक्कम किती धरायची? एजंट म्हणतो, बाजारभावानं ६० लाखांची काढा.

बाजारभावात जागेची किंमत असते, आणि जागा पुरात वाहून जात नाही. धरायचा असतो तो आज तेच घर पुन्हा बांधायचा खर्च. समजा चटईक्षेत्र ९०० चौरस फूट आहे आणि तुमच्या भागात चौरस फुटाला १८०० रुपये खर्च येतो. इमारत झाली १६ लाख २० हजारांची. त्यात कुंपण, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, छतावरचे सोलर पॅनल यांचा खर्च वेगळा मिळवा. दर मात्र स्थानिक ठेकेदाराकडून लेखी घ्या.

‘भारत गृह रक्षा’त इमारतीचा विमा असला की सामानाला इमारतीच्या २० टक्के रक्कम आपोआप मिळते, जास्तीत जास्त १० लाख. इथे ती ३ लाख २४ हजार होते. एवढ्यात भागतं का, हे खोलीत उभं राहून मोजा. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही, इन्व्हर्टर, दोन पलंग, सोफा, स्वयंपाकघरातली ट्रॉलीची कपाटं... तीन लाख फार लवकर संपतात. जास्त लागत असेल तर वस्तूंची यादी देऊन रक्कम वाढवता येते. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीत इमारतीची रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. वरचा मजला चढवला, पुढे खोली काढली तर मात्र कंपनीला कळवून हप्ता भरावा लागतो. नाहीतर नवा भाग बिनविम्याचा राहतो.

कमी रकमेचा विमा काढला तर? या पॉलिसीत त्यासाठी भरपाईत प्रमाणशीर कपात होत नाही, पण विम्याच्या रकमेच्या वर काही मिळतही नाही. चटईक्षेत्र मात्र खरं लिहा. मलबा हलवण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्के आणि आर्किटेक्ट-इंजिनिअरची फी ५ टक्क्यांपर्यंत मिळते. पुरानंतर घरात फूट-फूट गाळ असतो, ट्रॅक्टरच्या खेपांच्या पावत्या जपून ठेवा.

प्रश्न : गणपती पेठेत खाली किराणा दुकान आणि वर आम्ही राहतो. घराच्या विम्यात दुकानातला माल येतो का?

नाही. घराची पॉलिसी राहत्या घराची. दुकान, त्यातलं फर्निचर आणि माल यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ वेगळी घ्या. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर ती लागू होते. इथे रकमेबाबत सावध राहा. १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता माफ आहे, त्यापुढे कपात लागते. दुकानात २० लाखांचा माल असून विमा १० लाखांचा असेल आणि ४ लाखांचा माल भिजला, तर साधारण निम्मेच हातात येतात. हळद किंवा बेदाण्याच्या हंगामात माल दुप्पट होत असेल तर सर्वांत जास्त मालाच्या महिन्यावर रक्कम ठरवा. स्टॉकचं रजिस्टर आणि खरेदी बिलांची प्रत वरच्या मजल्यावर किंवा मेलवर ठेवा. दुकानातच ठेवलेलं रजिस्टर मालाबरोबर भिजतं, आणि मग माल होता हे दाखवायला काहीच उरत नाही.

प्रश्न : आम्ही खणभागात भाड्यानं राहतो. मालकांचा विमा आमच्या सामानाला चालतो का?

चालत नाही. मालकाचा विमा इमारतीचा. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा काढता येतो आणि त्याचा हप्ता तुलनेनं कमी असतो. भाडेकरार आणि वीजबिल यांच्यावरचा पत्ता पॉलिसीतल्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

प्रश्न : दर पुरात घरात नदीचं पाणी यायच्या आधी संडासातून मैलापाणी वर येतं. यावर इलाज आहे का? आणि दाराला पाणी अडवायची फळी लावली तर?

गटाराची लाइन नाल्याला मिळते आणि नाला नदीला. शेरीनाल्याच्या आसपास हे सगळ्यांना ठाऊक आहे : नदी चढली की नाल्याला पुढे जायला वाट उरत नाही आणि तो मागे फिरतो. आवारातलं शेवटचं चेंबर आणि महापालिकेची लाइन यांच्यामध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप, बसवा. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपला बसणारा मिळतो. तो छोट्या चेंबरमध्ये, वरून झाकण उघडून हात घालता येईल असा बसवायचा. जमिनीत पुरून टाकला तर बिघाड होणारच, कारण त्याची झडप केस, चिंधी किंवा पिशवीचा तुकडा अडकला की अर्धवट उघडी राहते. मे महिन्यात झडप काढून धुवा आणि बोटानं हलवून बघा.

झडप बंद असते तोवर तुमचं स्वतःचं सांडपाणीही बाहेर जाऊ शकत नाही. वरच्या मजल्यावरचे लोक तेव्हा फ्लश करत राहिले तर खालचं चेंबर आतूनच भरतं आणि मैला तुमच्याच संडासात येतो. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा. व्हॉल्व्ह नसेल तर भांड्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं १५-२० किलोचं वाळूचं पोतं ठेवतात. तीन फूट पाण्याचा चार इंची पाइपवर सात किलोंच्या आसपास रेटा येतो. तात्पुरतं म्हणून ते चालतं.

दाराच्या फळीबद्दल सावधगिरी हवी. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं असेल तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण ४०० किलोंचा रेटा येतो, आणि पाण्याची उंची दुप्पट झाली की तो चौपट होतो. गावभागातल्या मातीच्या सांध्यांच्या जुन्या भिंती हे सोसत नाहीत. फळी दीड-दोन फुटांपर्यंत ठीक. पाणी त्याहून चढणार असेल तर घर रिकामं करून पाणी आत येऊ द्या. भिंत वाचते. ओसरतानाही तसंच. तळघरातलं किंवा खोलगट खोलीतलं पाणी मोटर लावून एका दिवसात उपसू नका, बाहेरची जमीन अजून भिजलेली असते. फूटभर उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. खूण बुडाली तर बाहेरचं पाणी अजून चढं आहे, आणखी थांबा.

विजेचं थोडक्यात : तळमजल्याची आणि वरच्या मजल्याची एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) वेगळी करून घ्या. बोर्ड २०१९ च्या रेघेपेक्षा निदान एक फूट वर न्या. पूर ओसरल्यावर वायरिंगचं मेगर टेस्टिंग (वायरच्या वेष्टनातून वीज गळते का याची चाचणी) करून परवानाधारक वायरमननं हिरवा कंदील देईपर्यंत मेन स्विच लावू नका. हा जिवाचा प्रश्न आहे. दाव्याचाही आहे : ओला फ्रिज चालू करून मोटर जळाली तर ते शॉर्टसर्किटचं नुकसान ठरतं, आणि विजेच्या उपकरणात त्याच्या स्वतःच्या शॉर्टसर्किटनं झालेलं नुकसान पॉलिसीत नाही. गाडीचंही असंच. बुडालेल्या गाडीला सेल्फ मारला की इंजिनात गेलेलं पाणी कनेक्टिंग रॉड वाकवतं. साध्या वाहन विम्यात ते बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्टचं जोडसंरक्षण लागतं. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात तर पूर येतच नाही.

प्रश्न : सरकारी मदत मिळतेच, मग हप्ता का भरायचा?

आपत्ती निधीच्या निकषांत, मैदानी भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार आणि अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आहेत. ज्या घराची भिंत उभी आहे पण आतलं सगळं भिजलं आहे, त्याचा हिशेब तुम्हीच करा. मदत जरूर घ्या, पंचनामा करून घ्या. विम्याच्या दाव्यालाही त्याची प्रत उपयोगी पडते. मात्र तलाठ्याचा पंचनामा आणि विमा सर्वेक्षकाची पाहणी या वेगळ्या गोष्टी आहेत, एक झाली म्हणून दुसरी झाली असं होत नाही.

प्रश्न : पूर ओसरल्यावर दावा नेमका कसा करायचा? मागच्या वेळी आमच्या गल्लीत बऱ्याच जणांना फार कमी मिळालं.

कमी मिळण्याचं सगळ्यांत मोठं कारण साफसफाईची घाई. घरात शिरल्याबरोबर लोक चिखल ओढतात, भिजलेल्या गाद्या-सोफे रस्त्यावर टाकतात, घंटागाडी ते घेऊन जाते आणि सर्वेक्षक येतो तेव्हा धुतलेली खोली असते. भावना समजण्यासारखी आहे, वास सहन होत नाही. पण क्रम असा ठेवा.

पाणी दारात आल्याबरोबरच कंपनीच्या टोल-फ्री क्रमांकावर आणि ईमेलवर कळवा आणि दावा क्रमांक घ्या. परत आल्यावर काहीही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ दारातून आत येत काढा. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेशी मोजपट्टी धरून फोटो घ्या. एका फोटोत पट्टीचा आकडा, एकात पूर्ण खोली. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही यांच्या मागची मॉडेल आणि अनुक्रमांकाची पट्टी फडक्यानं पुसून तिचा फोटो घ्या. यादी वस्तूवार करा : वस्तू, कंपनी, कधी घेतली, आज तशीच नवी किती, दुरुस्त होते की नाही. ‘घरातलं सर्व सामान ३ लाख’ अशा एका ओळीच्या यादीतून काहीच सिद्ध होत नाही.

नुकसान आणखी वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे, त्यामुळे सडणारं सामान महिनाभर घरात ठेवा असं कुणी म्हणत नाही. सर्वेक्षकाला यायला उशीर होणार असेल तर कंपनीला मेल करा : ‘आरोग्याच्या कारणानं अमुक वस्तू उद्या टाकत आहोत, आज पाहणी करावी किंवा परवानगी द्यावी.’ मग फोटो काढा, गादीचा फूटभर तुकडा आणि ट्रॉलीच्या फुगलेल्या प्लायचा एक तुकडा पिशवीत चिठ्ठी लावून ठेवा आणि बाकीचं टाका. विजेच्या वस्तू पाहणी होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.

बिलं वाहून गेली असतील तर दुकानदाराकडे दुय्यम प्रत मिळते, ऑनलाइन खरेदीची मेलमध्ये असते, कार्ड किंवा यूपीआयची नोंद बँकेत असते. वास्तुशांतीचे किंवा वाढदिवसाचे फोटोही चालतात, मागे फ्रिज-कपाट दिसतं. सर्वेक्षक आला की त्याच्याबरोबर फिरा, त्यानं काय लिहून घेतलं ते विचारा आणि त्याच दिवशी ‘आपण पाहिलेल्या वस्तू’ म्हणून यादी त्याला मेल करा. घर राहण्याजोगं नसेल तर त्या काळातल्या भाड्याच्या घराचा खर्च इमारतीच्या संरक्षणातून मागता येतो. भाडेकरार आणि पावत्या जोडा. ही मागणी फार थोडे लोक करतात.

कंपनीनं कमी रक्कम देऊ केली तर ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या कागदावर सही करण्याआधी सर्वेक्षण अहवालाची प्रत मागा आणि कपात कशाकशाची झाली ते बघा. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. सांगली-साताऱ्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.

प्रश्न : कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की लगेच पॉलिसी काढली तर चालेल का?

त्या वेळी कंपनी प्रस्ताव थांबवून ठेवू शकते, आणि पॉलिसी सुरू होण्याआधी झालेलं नुकसान कधीच मिळत नाही. शेड्यूलवर सुरुवातीची तारीख आणि वेळ छापलेली असते, ती बघा. पैसे आज भरले तरी संरक्षण बहुधा मध्यरात्रीनंतर चालू होतं. तुमच्या पॉलिसीची मुदत जुलै-ऑगस्टमध्ये संपत असेल तर याच वर्षी एप्रिल किंवा मे महिन्यात नवी काढून तारीख पुढच्या वर्षांसाठी उन्हाळ्यात आणून ठेवा. ऐन पुरात वीज आणि नेट बंद असताना नूतनीकरण राहून गेलं तर त्या खंडातल्या नुकसानीला कुणीच जबाबदार नसतं.